भेंडीचं पाणी

कळंब्याच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजचे दोन कप्पे काढून
पाच लिटरच्या दोन काचेच्या बरण्या.
आत नऊ दिवसांची बिअर,
रंग म्हणाल तर चिंचेच्या कोळाचा.
मी मागून बॅटरी धरतो
आणि उजेड आत शिरून कुठंतरी वाट चुकतो,
पलीकडं येत नाही.

सोमवारी मिनिटाला चाळीस बुडबुडे मोजले होते,
आज जेवण झाल्यापासून तीन.

बावीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतो.
तुरटी फिरवलेलं पाणी पोरांपुढं ठेवतो,
म्हणतो, धीर धरा, हलवू नका.
घरी मात्र तासातासाला फ्रिज उघडतो.

पहिल्या बरणीत जिलेटिन.
अर्धा चमचा, कोमट पाण्यात विरघळवून.
भूपाल मगदूम दारातनंच बोलला,
चौमासा चालू होता त्याचा:
"हाडांचं असतंय ते. एका पापावर दुसरं पाप
पालथं घालायलायस होय?"
आणि तरी मान वाकडी करून बघितलंच त्यानं.

रात्री बरणी नासली.
म्हणजे, मला तसं वाटलं.
फाटलेल्या दुधासारखे तुकडे,
उशीतनं सुटलेला कापूस,
मध्येच अडकलेला, ना वर ना खाली.
आधी नुसतीच गढूळ होती ती, बरी होती;
आता गढूळपणाला अंग फुटलं होतं.
शैला म्हणाली, "ओत मोरीत."
मी म्हणालो, उद्या.

उद्या, वरून चार बोटं स्वच्छ.
टाकीतलं पाणी उतरतं तशी एक रेष
संध्याकाळपर्यंत वितभर खाली आली.
बरणी ओट्यावर ठेवली,
तर रेषेच्या वरच्या भागातनं
मला भिंतीवरची फरशी दिसली,
फरशीवरची भेग दिसली,
आणि भेगेत अडकलेली हळद.

दुसऱ्या बरणीसाठी बाचणीला गेलो,
शिदू खोताच्या गुऱ्हाळावर.
त्यानं रानभेंडीची ताटं ठेचली, पाण्यात चोळली.
बोटांपासून कोपरापर्यंत बुळबुळीत तार.
"काहिलीत वतली की मळी वर येती,
झाऱ्यानं काढून टाकायची.
तू काय करणार?"

मी सांगितलं. आच नाही, गारठा लागतो.
हलवायचं नाही. गाळ आपोआप खाली बसतो.

तो बराच वेळ गप्प.
चुलवाणातला जाळ त्याच्या मिशीवर हलत होता.
"खाली बसली म्हंजे गेली न्हवं," म्हणाला,
"हाय तितंच हाय की."
आणि गरम काकवीची वाटी माझ्या हातात देऊन
पुन्हा झाऱ्याकडं वळला.

भेंडीची बरणी चार दिवस घेऊनही
अर्धीच निवळली.
तारा लोंबत राहिल्या आत, जळमटांसारख्या.
उजेड येतो पलीकडं, पण वाकडा,
लंगडणाऱ्या पाहुण्यासारखा, दमानं.

रविवारी दोन ग्लास शेजारी ठेवले.
एक असा, की मागचं कॅलेंडर वाचता यावं,
अमावस्येच्या तारखेसकट.
दुसरा धुरकट, कुणाचं तरी मन राखल्यासारखा.
शैलानं दोन्हीतनं घोट घेतला डोळे मिटून,
तोंड वाकडं केलं दोन्ही वेळा,
म्हणाली, "एकच आहे."

मग स्वच्छ बरणीतलं शेवटचं ओतताना
माझा हात कलला जरासा,
आणि तळातनं ती उठली,
झोपलेलं माणूस हाकेला उठतं तशी, सगळीच्या सगळी,
आठवडाभर मी जिला गेली म्हणत होतो ती.
ग्लासात शिरली. गोल फिरली.

भूपालला फोन लावला, हे सांगायला;
सांगितलं दुसरंच काहीतरी.
तेवढा ग्लास मीच घेतला,
बॅटरी न लावता.